स्कूबाचे कार्ड दोन दिवसांत?

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी मागच्या वर्षी तारकर्लीला पहिल्यांदा समुद्राखाली जाऊन आली. प्रशिक्षकाने पाठीमागून सिलिंडर धरून तिला पंधरा-वीस मिनिटे फिरवले. आता फेब्रुवारीत अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, ‘पाडी’ या स्कूबा प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला अभ्यासक्रम करण्याचा तिचा विचार आहे. एक केंद्र त्यासाठी चार दिवस सांगते, तर दुसरे कमी शुल्कात दोन दिवसांत कार्ड देऊ म्हणते. कार्ड दोन्हीकडे तेच मिळणार असेल, तर जास्त पैसे का मोजावेत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तारकर्लीला आपल्या मुलीने श्वास घेण्याखेरीज काहीच केले नव्हते, खोली, हवा, दिशा आणि वर येण्याचा वेग हे सारे प्रशिक्षकाच्या हातात होते. ‘ओपन वॉटर’चे कार्ड मिळाल्यावर मात्र तिला, तितकेच शिकलेल्या जोडीदाराबरोबर, प्रशिक्षकाशिवाय 18 मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. इतकी जबाबदारी तिच्यावर येणार असल्याने ती काय आणि किती वेळा करून शिकली, हे मला शुल्कापेक्षा फार महत्त्वाचे वाटते.

‘पाडी’च्या नियमांप्रमाणे तरणतलावात किंवा उथळ, शांत पाण्यात पाच सत्रे, समुद्रात किमान दोन दिवसांत मिळून चार डाइव्ह, न थांबता 200 मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे एवढे व्हावे लागते. पुस्तकी भाग घरूनच ऑनलाइन पूर्ण केला, तरी उरलेले सारे दोन दिवसांत बसवताना कात्री लागते ती सरावाला. मास्कमध्ये शिरलेले पाणी बाहेर काढण्याचेच उदाहरण घ्या. पाणी नाकाशी आले की नवख्या माणसाला घाबरून, श्वास रोखून, सरळ वर धाव घ्यावीशी वाटते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून रोखलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. पूर्ण भरलेली छाती रोखून वर येणाऱ्याला ही इजा तलावातल्या एक-दोन मीटर खोलीवरूनही होऊ शकते. म्हणून मास्क साफ करणे एकदा जमले, यावर मी कधीच समाधान मानत नाही; विद्यार्थ्याला त्याचा कंटाळा येईपर्यंत मी ते करून घेतो.

दुसरी गोष्ट तरंगण्याची. घाईच्या वर्गात कमरेला जास्त वजन बांधून विद्यार्थ्यांना तळाशी गुडघ्यांवर बसवतात, कारण ओळीत बसलेले विद्यार्थी सांभाळायला सोपे जातात. असेच शिकून आलेल्या एका तरुणाला मी कर्नाटकच्या किनाऱ्यालगतच्या नेत्राणी बेटाजवळ नेले होते. मास्कमध्ये थोडे पाणी शिरताच तो टेकायला जागा शोधत खाली जाऊ लागला. अधांतरी राहून मास्क साफ करण्याचे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. त्याच्या पट्ट्यातले वजनही गरजेपेक्षा बरेच जास्त निघाले. वजन तपासायला जेमतेम पाच मिनिटे लागतात: तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमधली हवा काढून, नेहमीचा श्वास छातीत धरून स्थिर उभे राहिले की पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. तलावात बेतलेले वजन समुद्राच्या खाऱ्या पाण्यात कमी पडते, म्हणून ही तपासणी तिथे पुन्हा करावी लागते.

एका प्रशिक्षकामागे समुद्रात जास्तीत जास्त आठ विद्यार्थी असावेत, अशी मर्यादा आहे. ती उत्तम परिस्थितीसाठीची आहे. पाणी गढूळ असेल किंवा प्रवाह असेल तर संख्या कमी करायची असते. नवख्यांना शिकवताना चारहून अधिक विद्यार्थ्यांवर माझी नजर नीट राहत नाही, असा माझा अनुभव आहे. तेव्हा दोन्ही केंद्रांना ही संख्या विचारा, तलावात आणि समुद्रात प्रशिक्षक एकच असेल का, तेही विचारा आणि शेवटी एवढे जरूर विचारा: ठरलेल्या दिवसांत मुलीची तयारी झाली नाही, तर काय कराल? आणखी एक सत्र घेऊ आणि तोवर कार्ड देणार नाही, असे जे केंद्र स्पष्ट सांगेल, तिथे मी माझ्या मुलीला पाठवीन. शिवाय अनेक डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास थांबावे लागते, त्यामुळे परतीच्या तिकिटाच्या हिशेबात दोन दिवसांची बचत दिसते तेवढी उरत नाही.

प्रश्न : मला लहानपणी दमा होता. एका केंद्राने आरोग्याच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहायला सांगितले. तसे करावे का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : मुळीच करू नये. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावल्या, तर वर येताना प्रसरण पावणारी हवा फुप्फुसात अडकते, आणि सिलिंडरमधली कोरडी हवा व पोहण्याचे श्रम यांनी असा झटका पाण्याखालीच येऊ शकतो. जुना दमा असलेल्या अनेकांना तपासणीनंतर परवानगी मिळतेही, परंतु तो निर्णय डॉक्टरांचा आहे, नाव नोंदवून घेणाऱ्याचा नव्हे. फॉर्मवर खरे लिहा, तो घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, फुप्फुसांची क्षमता विश्रांतीत आणि व्यायामानंतर तपासून घ्या आणि त्यांची लेखी संमती मिळाल्यावरच पैसे भरा. हे सारे पार पडले, तरी नोंदणी त्या केंद्रात करू नका.