इयत्ता बघून पुस्तक मागवू नका

ताई, मुलाला घरीच शिकवायला मॅथ-यू-सी हा गणिताचा अभ्यासक्रम घ्यायचं ठरलंय तर आधी त्यांची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पातळीपासून सुरुवात करायची ते ठरवणारी चाचणी, मुलाकडून सोडवून घ्याच. अल्फा या पातळीत एकअंकी बेरीज-वजाबाकी, गॅमात गुणाकार, डेल्टात भागाकार, एप्सिलॉनमध्ये अपूर्णांक, असा क्रम आहे. चौथीच्या वयाचा मुलगा गॅमात बसला तरी मन खट्टू करू नका. मात्र वर्षभरात शाळेत घालायचं असेल तर मी हे सुचवणार नाही. अपूर्णांक इथे फार उशिरा येतात.

नुसती पानं भरली म्हणजे धडा पक्का झाला असं नाही. ७ × ८ विचारा. ५६ आलं की म्हणा, "आता मला शिकव." अभ्यासक्रमातले सात एककं लांबीचे आठ ठोकळे शेजारी शेजारी लावून त्याने आयत केला, आणि ५६ कसे झाले ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तरच पुढचा धडा. अडखळला तर बिनधास्त आणखी आठवडा तिथेच थांबा.