लडलोला पहिल्यांदा जाताय? आधी वार बघा

इंग्लंडमधल्या श्रॉपशरमधल्या लडलो या गावाला जायचं तर सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार धरा. त्या दिवशी किल्ल्यासमोरच्या चौकात बाजार भरतो. तो चुकला तर गावाची खरी लगबग दिसत नाही. श्रूजबरी-हेरिफर्ड मार्गावरची रेल्वे गावातच उतरवते, मोटारीची गरज नाही.

किल्ल्यात मात्र घाई करू नका, अगदी कळकळीने सांगतो. आपल्याला सह्याद्रीतल्या गडांची सवय. हा किल्ला टीम नावाच्या नदीकाठच्या उंचवट्यावर, अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मनांनी बांधायला घेतलेला. आतलं गोल प्रार्थनाघर बघाच, इंग्लंडमध्ये अशी बांधणी दुर्मिळ. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये इथेच वारला. त्याच्या विधवेशी, कॅथरीनशी, पुढे हेन्रीने लग्न केलं, आणि तिला सोडण्याच्या हट्टापायी रोमच्या पोपशी नातं तोडलं. हे आठवून त्या भिंतींपाशी उभं राहिलं की अंगावर काटा येतो.

सेंट लॉरेन्स चर्चमध्ये लाकडी आसनांच्या खालच्या बाजूचं मध्ययुगीन कोरीवकाम वाकून बघा. गुडघे साथ देत असतील तर मनोऱ्यावर चढा. फेदर्स या जुन्या हॉटेलची १६१९ ची इमारत बाहेरून पाहिली तरी चालेल. परतण्याआधी डिनम पुलापाशी जा; नदीपलीकडून किल्ला सर्वांत सुंदर दिसतो.