पत्रकारिता नको, मग हे मधलंच काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बार्शीची, मराठीत बीए झालंय. कॉलेजात कलापथकात होते, आता एका संस्थेबरोबर गावोगावी मुलींशी पाळीबद्दल बोलायला जाते. मला यातच पुढे शिकायचंय. मीडिया अँड कल्चरल स्टडीज असं नाव ऐकलंय. बाबा म्हणतात पत्रकारिता कर नाहीतर बीएड कर, हे मधलंच काय काढलंस? शिवाय माझं इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?

उत्तर : बाबांवर चिडू नकोस गं, प्रश्न रास्त आहे त्यांचा. पत्रकारितेत मुख्य काम बातमीचं. तुला शिकायचंय ते म्हणजे गावात कोण बोलतं, कोणाला बोलूच देत नाहीत, आणि ते बदलायला गाणं, नाटक, रेडिओ, फिल्म यातलं काय कामाला येतं. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत विचारत त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे ना, तेच.

मी शिकत असताना आम्ही एका गावात पाणी वाचवा म्हणून पथनाट्य केलं, टाळ्याही मिळाल्या, आणि मग एक आजी म्हणाली, "पोरींनो, आठवड्यातनं एकदा टँकर येतो, आधी पाणी द्या, मग वाचवायला शिकवा." मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलंच नव्हतं आम्ही कुणाला काही! पुढे वर्गात खेडा प्रोजेक्ट शिकवला तेव्हा आजीच आठवली. १९७५ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पिज गावाला टीव्हीचा छोटा ट्रान्समीटर बसवला, गावातल्या लोकांना बरोबर घेऊन कार्यक्रम केले, आणि त्यात मजुरी, हुंडा, जातीचा त्रास असलं सगळं आलं. १९८४ मध्ये युनेस्कोचं बक्षीस मिळालं त्याला.

कुठे शिकायचं? मुंबईत टिसमध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एमए आहे, तिथे डॉक्युमेंटरी करायला लावतात. हैदराबाद विद्यापीठात कम्युनिकेशनचं एमए आहे आणि कम्युनिटी मीडियावर, म्हणजे लोकांनी स्वतःच चालवलेल्या माध्यमांवर, युनेस्कोचं अध्यासनही. दोन्हीकडे सीयूईटी पीजी ही देशभराची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फॉर्मवर आत्तापासूनच लक्ष ठेव. कुठल्याही डिपार्टमेंटला जा, आधीच्या मुलांनी प्रबंध कशावर केले ते विचार. सगळे जाहिरातींवर आणि सिरियल्सवरच असतील तर तुझं मन तिथे रमणार नाही, बिल्डिंग कितीही चकाचक असू दे.

इंग्रजीचं खोटं सांगत नाही, वाचायला भरपूर असतं आणि पहिलं सेमिस्टर रडवतं. मी एक पान वाचायला अर्धा तास घ्यायचे, डिक्शनरी मांडीवर. पण गावात गेल्यावर बायका ज्या भाषेत बोलतात ती तुला येते, आणि इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलं तिथे तुझ्याच मागे मागे फिरणार बघ.

नोकरी म्हणशील तर संस्थांमध्ये, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (समाजकामाच्या विभागात), डॉक्युमेंटरीवाल्यांकडे कामं असतात, सुरुवातीला पगार बेताचाच. बीएड करून टीईटी देणाऱ्यांनाही वाट बघावीच लागते, हे बाबांना हळूच सांग.

आणि हो, अर्ज भरायच्या आधी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला जाऊन ये, माणदेशी तरंग नावाचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे तिथे. आधी फोन करून विचार, आणि जमलं तर बाबांनाही घेऊन जा.