नाव नॉर्मन, वंश मात्र नाही

इंग्लंडमधल्या उमराव घराण्याचं मूळ कुठवर शोधता येतं, आणि ‘आमचे पूर्वज १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आले’ असं ही घराणी सांगतात ते खरं धरावं का, असं तुम्ही विचारलंय.

कागद बघितल्याशिवाय धरू नका. नेव्हिल घराण्याचंच बघा. राजांना गादीवर बसवणारा आणि उतरवणारा वॉरिकचा अर्ल (बडा सरदार) रिचर्ड नेव्हिल याच घरातला, तो १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत पडला. चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड या दोन राजांची आई सिसिली हीसुद्धा नेव्हिलांची लेक. आडनाव अस्सल नॉर्मन. नंतरच्या वंशावळींनी तर विल्यमच्या आरमाराचा प्रमुख गिल्बर्ट नेव्हिल हा यांचा मूळपुरुष ठरवून टाकला, पण त्या काळातला एकही पुरावा त्याला आरमारप्रमुख म्हणत नाही.

आता आडनाव सोडा आणि जमिनीच्या मागे जा. नेव्हिलांचं मूळ ठाणं म्हणजे डरहॅम परगण्यातलं रेबी, स्टेनड्रॉप गावाला लागून. हा मुलूख डरहॅमच्या मठाच्या मालकीचा होता. ११३१ मध्ये मठाने तो वर्षाला चार पौंड खंडावर एकाला लावून दिला. सनदेत त्याचं नाव आहे डॉल्फिन, उह्त्रेदचा मुलगा. डॉल्फिनचा मुलगा मेल्ड्रेड, त्याचा रॉबर्ट फिट्झ मेल्ड्रेड (फिट्झ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’). उह्त्रेद, डॉल्फिन, मेल्ड्रेड ही सगळी विल्यमच्या आधीपासून उत्तरेत चालत आलेली नावं, त्यात नॉर्मन एकही नाही.

मग नेव्हिल आलं कुठून? रॉबर्टच्या बायकोकडून. तिचं नाव इझाबेल नेव्हिल. तिचा भाऊ हेन्री १२२७ मध्ये निपुत्रिक वारला आणि ब्रॅन्सपेथ, शेरिफ हटन ही ठाणी तिच्याकडे आली. तिच्या मुलाने, जेफ्रीने, इस्टेटीबरोबर आईचं आडनावही घेतलं. ढालीवरचं घराण्याचं चिन्ह मात्र बापाचंच ठेवलं: लाल जमिनीवर पांढरी तिरकी फुली. पुढे सगळे नेव्हिल तीच फुली मिरवत राहिले. मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट ही. आडनाव बदललं, पण बापाचा वंश ढालीवर उघड दिसत राहिला.

आणखी एक धागा आहे. चार पौंडांबरोबर दरवर्षी सप्टेंबरमध्ये सेंट कथबर्टच्या सणाला मठाला एक हरिण द्यायचं असे. चौदाव्या शतकाच्या सुमारास राल्फ नेव्हिल म्हणू लागला की हरिण आणेन तेव्हा माझ्या सगळ्या लवाजम्याला मठाने जेवू घातलं पाहिजे. प्रायरने, म्हणजे मठाच्या प्रमुखाने, साफ नकार दिला. राल्फच्या नोकरांनी हरिण सरळ स्वयंपाकघरात नेलं, तेव्हा मठवासी हातातल्या मोठमोठ्या मेणबत्त्या घेऊन त्यांच्यावर तुटून पडले, अशी हकीकत सांगतात. आपल्याकडे पाटीलकीच्या वादातून जसे महजर (निवाड्याचे कागद) झाले तसंच हे. हक्काचं भांडण लागलं की जमीन कुणाकडून, कशी आली हे लिहून ठेवावं लागतं. म्हणून मी वंशावळीआधी भांडणं शोधते.

तुमच्या मनात दुसरं घराणं असेल तर १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, आधी गाव बघा. तेराव्या शतकापासून थेट राजाकडून जमीन मिळालेला जमीनदार मेला की वारस कोण आणि त्याचं वय काय याची सरकारी चौकशी होई, ते कागद सोन्यासारखे आहेत. विल्यमबरोबर आलेल्यांची ‘बॅटल अ‍ॅबीची यादी’ म्हणून जी नावं फिरतात त्यावर मात्र विसंबू नका, त्यात मागाहून घुसडलेली नावं आहेत.

नेव्हिलांच्या बाबतीत मी उह्त्रेदपाशी थांबते. त्याला नॉर्थम्ब्रियाच्या (उत्तर इंग्लंडच्या) जुन्या अर्लांशी जोडणारे तर्क बरेच आहेत, सनद एकही नाही.