मोटरसायकलच्या हँडलबारच्या आतून वायर घ्यायच्यात, भोक कुठे पाडू आणि वायर ओढू कशा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, नवीन हँडलला भोकं कुठे पाडायची आणि स्विचच्या एवढ्या सगळ्या वायर त्यातून ओढायच्या कशा. बहुतेकांना टेन्शन दुसऱ्याचं असतं, मला पहिल्याचं जास्त वाटतं, कारण वायर मध्ये अडकली तर फार तर एक संध्याकाळ जाईल पण भोक चुकीच्या जागी पडलं तर हँडलला तिथूनच चीर जायची भीती आणि ती जाणार चालत्या गाडीवर.

आधी हँडल कशाचं आहे ते बघा, लोहचुंबक चिकटला तर स्टील. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की भोक पाडूच नका, सतत हादरे आणि वाकणं अ‍ॅल्युमिनियम स्टीलइतकं सहन करत नाही आणि चीर सुरू व्हायला भोकाची कड पुरते. त्यात कंपनीनेच भोकं दिली असतील तर गोष्ट वेगळी.

स्टीलमध्ये बाहेर पडायचं भोक मधोमध, हँडल धरून ठेवणाऱ्या दोन क्लॅम्पच्या मध्ये आणि खालच्या बाजूला. खाली असलं की आत शिरलेलं पाणीपण तिथूनच निघून जातं. क्लॅम्पच्या कडेला अजिबात नाही, हँडलवर जोर आला की सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. दोन्ही टोकांची भोकं स्विचच्या बॉडीखाली झाकली जातील अशी घ्या, पण आधी स्विच, ग्रिप, लिव्हर सगळं लावून बसायच्या पोझिशनला अ‍ॅडजस्ट करून मार्किंग करा. थ्रॉटलच्या बाजूला भोक थ्रॉटलच्या फिरत्या नळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे क्लॅम्पकडेच पाहिजे, नळीखाली वायर आली तर थ्रॉटल अडकणार आणि ती गंमत नाही. 22 मिमीच्या हँडलला मी 10 मिमीच्या वर भोक करत नाही, जागा कमी पडली तर पाइपच्या लांबीच्या दिशेने लांबट करा, आडवं रुंद करू नका.

आता कड. बाहेरची कड सगळेच घासतात, आतली दिसत नाही म्हणून तशीच राहते आणि इन्सुलेशन कापते तीच. गोल कानशीने घासून मग बारीक पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा, नंतर कापसाचा बोळा कडेवरून आतबाहेर ओढा, एक तंतू जरी अडकला तरी अजून धार आहे असं समजा. मग हवा मारून आतला सगळा कीस बाहेर काढा. रंग किंवा पावडर कोटिंग करायचं असेल तर हे सगळं त्याच्या आधी, आणि रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रबराची रिंग) शेवटी.

वायर ओढण्याआधी वायर कमी करता येतात का बघा, याचा विचार फारच कमी लोक करतात. 60 वॅटचा हेडलाइट 12 व्होल्टवर 5 अँपियर खातो, तो करंट स्विचमधून न्यायची गरजच नाही, हेडलाइट आणि हॉर्नला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालूबंद करणारा स्विच) लावला की स्विचच्या वायरमधून अगदी किरकोळ करंट जातो आणि 0.5 स्क्वेअर मिमीची वायर भरपूर होते. बजेट असेल तर मोटोगॅजेटच्या एम-युनिटसारखं कंट्रोल युनिट बसवा, त्यात प्रत्येक बटणाला एक वायर आणि सगळ्यांना मिळून एक अर्थची (निगेटिव्हची) वायर, बास. वायर पातळ पण कडक इन्सुलेशनची घ्या, सिलिकॉनची मऊ असते म्हणून आत सरकवायला सोपी वाटते पण कडेवर लगेच कापली जाते.

ओढताना कपलरमधून (वायरींच्या टोकाच्या प्लास्टिक कनेक्टरमधून) पिना काढून घ्या, त्याआधी फोटो काढा, कुठला रंग कुठे होता हे नंतर आठवत नाही. एका दोऱ्याला कापसाचा छोटा बोळा बांधून एका भोकात सोडा आणि दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा, तिसरं भोक आणि हँडलची टोकं टेपने बंद करायची, दोरा झटक्यात येतो. व्हॅक्यूम नसेल तर सायकलच्या ब्रेकची आतली तार चालते. वायरींची टोकं एकाखाली एक अशी मागेपुढे ठेवून टेप गुंडाळा म्हणजे पुढचं टोक निमुळतं होतं, वर टाल्कम पावडर लावा आणि एका बाजूच्या सगळ्या वायर एकदमच ओढा. नंतर एखादी राहिलेली घुसवायला गेलात की ती आधीच्यांना घासत जाते. एकजण ढकलायला आणि एकजण ओढायला असला तर फारच बरं, नुसतं जोरात ओढू नका. आणि हँडलच्या आत एकही जॉइंट नको, सोल्डर करायचं ते हेडलाइटच्या मागे, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावून.

अजून एक, रायझर (ज्यांच्यावर हँडल बसतं ते खालचे ठोकळे) रबर बुशवर असतील तर हँडलला अर्थ नीट मिळत नाही, कस्टम गाडीत इंडिकेटर अर्धवट पेटतात किंवा बटण कधी चालतं कधी नाही त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. अर्थची वेगळी वायर आतूनच घ्या.

सगळं झालं की लगेच कपलर किंवा बॅटरी जोडू नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक हँडलच्या उघड्या लोखंडाला (रंगावर नको) आणि दुसरं एकेका वायरला, अर्थची वायर सोडून, आणि हँडल पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवत राहा. एकदाही बीप आला नाही पाहिजे. आणि मधल्या भोकाजवळची वायर कुठल्याच टोकाला ताणली जात नाही ना तेही तेव्हाच बघून घ्या. बीप आला तर वायर पूर्ण बाहेर काढा, कुठे सोलली गेलीय ते शोधा, ती वायर बदला. नुसता मोठा फ्यूज टाकून गाडी रस्त्यावर नेऊ नका.