संघाचे स्थान नेमके कुणाच्या मालकीचे?

अनेक उत्तम आशीर्वाद.

फॉर्म्युला वनच्या करारांवरील तुझ्या शोधनिबंधाचा आराखडा वाचला. त्यात सगळा भर बक्षिसाच्या रकमेच्या वाटपावर आहे आणि संघांनी त्या बदल्यात काय कबूल केलेले असते, याला जेमतेम एक परिच्छेद आहे. हे प्रमाण मला पटले नाही.

संघांचा सहभाग आणि पैशांचे वाटप ठरवणारा १९८१ सालचा पहिला कॉनकॉर्ड करार नियामक संस्था आणि संघमालकांची संघटना यांच्यातील भांडणातून जन्मला. प्रत्येक शर्यतीला संघ हजर राहतील ही हमी असल्याशिवाय दूरचित्रवाणीला विकण्याजोगे काही उरत नाही, हे त्यामागचे साधे व्यापारी गणित होते. तरीही १९८२ मध्ये इटलीतील इमोलाच्या शर्यतीवर बहुतेक ब्रिटिश संघांनी बहिष्कार घातला आणि अवघ्या १४ गाड्या धावल्या. २००५ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला मिशलिनचे टायर सुरक्षित नसल्यामुळे १४ गाड्या शर्यतीआधीची संचलन फेरी संपताच पिटमध्ये (संघांच्या गॅरेजकडे) वळल्या, तेव्हा सात संघांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. आधी दोन आरोपांत दोषी ठरवलेल्या या संघांना पुढे दोषमुक्त केले गेले. हजेरीचे बंधन सुरक्षिततेपुढे कुठे थांबते, हा प्रश्न तू इथे मांडायला हवा.

परंतु सर्वांत बारकाईने पाहावे ते २०१८ चे फोर्स इंडिया या संघाचे प्रकरण. विजय मल्ल्या आणि सहारा यांची भागीदारी असलेली ही कंपनी जुलैमध्ये दिवाळखोरी प्रशासकाकडे गेली आणि उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने तिचे समभाग न घेता मालमत्ता विकत घेतली. कारखाना, गाड्या, चालक सारे तेच राहिले, पण स्पर्धेत उतरण्याचा हक्क, म्हणजे प्रवेश, जुन्या कंपनीच्या नावे होता. त्यामुळे ऑगस्टमध्ये बेल्जियमला उतरलेला संघ नवा ठरला, जुन्या संघाचे ५९ गुण बाद झाले, चालकांचे गुण मात्र शाबूत राहिले. बक्षिसाच्या पैशांसाठी इतर संघांची संमती घ्यावी लागली. (प्रतिस्पर्ध्याच्या सहीवर आपला ताळेबंद अवलंबून असावा, असा व्यवसाय मला तरी दुसरा ठाऊक नाही.)

पूर्ण करार प्रसिद्ध होत नाही. म्हणून एफआयए या नियामक संस्थेच्या जाहीर नियमावलीतील प्रवेशविषयक कलमांपासून सुरुवात कर आणि हक्क हस्तांतरित होतात की कंपनीबरोबरच संपतात, हे तपासणारे प्रकरण आधी लिहून पाठव. वाटपाचे कोष्टक त्यानंतर पाहू.