रक्ताचा कॅन्सर मज्जेबाहेर गेला म्हणजे चौथी स्टेज का?

तुम्ही लिहिलंय, 'डॉक्टर म्हणाले बोन मॅरोच्या बाहेरही आहे, म्हणजे आता चौथी स्टेज ना?' ती चौथी स्टेज आधी डोक्यातून काढा. स्तनाच्या कॅन्सरला असतात तशा पायऱ्या ल्युकेमियाला, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरला, नसतात. रक्तातलाच आजार, तो फिरणारच. कुठे दडी मारून बसलाय, ते बघायचं.

माझ्या पुतण्याला एएलएल, म्हणजे मुलांमध्ये जास्त दिसणारा ल्युकेमिया, झाला तेव्हा तो पाचवीत होता. पहिल्या टप्प्यातल्या केमोनंतर मॅरोचा रिपोर्ट स्वच्छ आला, घरात पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, पाठीतली इंजेक्शनं चालूच राहतील. झालं! आमचे काका उखडले. 'रिपोर्ट क्लिअर आहे ना, मग पोराच्या मणक्यात सुया कशाला? बिलं वाढवायचे धंदे! जन्माचा अधू होईल.' पुरावा काय, तर शेजारणीची सिझेरियननंतर कंबर दुखते. वहिनी डळमळली. मग मीच पोराबरोबर जायला लागलो. कुशीवर निजवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. सुईतून मेंदू-मणक्याभोवतीचं नितळ पाणी थेंब थेंब बाटलीत पडतं, ते तपासणीला जातं. मग त्याच सुईतून मेथोट्रेक्सेट हे केमोचं पिवळंजर्द औषध आत. नंतर उताणं पडून राहायचं, आणि पडल्या पडल्या हा माझा मोबाईल मागणार.

काकांना किती सांगितलं, शिरेतून दिलेली बरीचशी औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत, पण कॅन्सरच्या पेशी पोचतात. पूर्वी पोरं केमोने बरी झालीशी वाटायची आणि काही महिन्यांनी डोकेदुखी, उलट्या सुरू. अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूडमध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी १९६०च्या दशकात मेंदूवर आधीच उपचार करायला घेतले, तेव्हा कुठे निम्मी पोरं वाचू लागली. मुलग्यांच्या अंडकोशातही हा आजार असाच लपतो. लाजेपायी कुणी सांगत नाही. सूज दिसली तर दाखवा.

तुमचा नेमका आजार कोणता ते तुम्ही लिहिलेलंच नाही. एएमएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात कधी हिरड्या सुजतात, कातडीवर गाठी येतात, कधी डोळा पुढे येतो. मायलोमा, म्हणजे मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, मज्जेबाहेर मऊ भागात गेला असेल तर मात्र ते जड प्रकरण आहे, उगाच गोड बोलत नाही. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, कुठे आहे आणि त्या जागेपर्यंत कोणतं औषध पोचतं.

काका हल्ली लग्नकार्यात सांगत फिरतात, पोरगं त्यांच्या गुळवेलीच्या काढ्याने बरं झालं. वहिनीने तो मोरीत ओतला होता. केमो चालू असताना असलं काही परस्पर पाजू नका, गुळवेलीने लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईतच झाल्यात.